मुखवटा आधी पालथा करणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

क्योतोतलं सासूबाईंचं घर रिकामं करताना तुम्हाला फोन केला नसता, तर नोह या जुन्या जपानी नाट्यप्रकारातला तो मुखवटा आज आमच्याकडे नसता. जुनं सामान घेणारा व्यापारी येऊन गेला होता. भांडी, किमोनो, मुखवटा, सगळ्याचा मिळून त्याने एकच आकडा सांगितला आणि आम्ही हो म्हणायच्या बेतात होतो. मी तर मुखवटा ओल्या फडक्याने पुसायला घेतला होता. "पाणी लावू नकोस गं!" फोनवर तुमचा आवाज चढला. मग समजावलंत, तो पांढरा लेप म्हणजे गोफुन, शिंपल्यांची पूड सरसात कालवून दिलेली. पाण्याने सरस सुटतो, पाठोपाठ रंगही.

दुसऱ्या दिवशी आलात. मला वाटलं, आधी चेहरा बघाल. तुम्ही कानांजवळच्या दोरीच्या भोकांपाशी धरून तो उचललात आणि थेट पालथा केलात. हिनोकीच्या लाकडावरचे पटाशीचे घाव, त्यावर लाखेचा हात, कपाळाच्या आतून चिकटवलेल्या गाद्यांच्या खुणा, दोरीने झिजलेल्या कडा, ओठांमागे श्वासाने काळवंडलेला भाग. एकेका जागी बोट नेऊन, पण कुठेही न टेकवता, तुम्ही दाखवत होतात. "हा भिंतीसाठी केलेला नाही. हा चढवून कुणीतरी रंगमंचावर उभं राहिलंय."

मग चेहरा. बुबुळांच्या जागी चौकोनी छिद्रं, कपाळावर उंच रंगवलेल्या भुवया, काळे दात, एकमेकींना न छेदता उतरणाऱ्या केसांच्या तीन रेघा. को-ओमोते, नोहमधली कोवळी तरुणी.

आतला डागलेला शिक्का मुखवटे घडवणाऱ्या नामांकित 'देमे' घराण्याचा आहे हे कळल्यावर मी हरखले. तुम्ही तिथेच थांबवलंत. नोहमध्ये जुन्या मुखवट्याची नक्कल, म्हणजे उत्सुशी, हा कारागिरीचाच भाग. जुन्याचे टवके आणि ओरखडेसुद्धा त्यात उतरवतात, शिक्काही उतरू शकतो. म्हणून चेहऱ्याच्या जुनेपणावर भुलायचं नाही, मागची झीज बघायची.

किंमत सांगणं आपलं काम नाही, असं स्पष्ट म्हणालात आणि स्वतः जाणकाराकडे घेऊन गेलात. मी कचऱ्यात काढलेली किरी लाकडाची पेटी तुम्हीच उचलून आणली होती. झाकणावरच्या लिखाणाने मोल वाढतं, हे तिथे कळलं. विम्याची किंमत, विक्रीची किंमत आणि दुकानदार हातात ठेवतो ती रक्कम, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हेही. मुखवटा देमेंच्या हातचा नाही, पुढच्या काळातली चांगली उत्सुशी आहे, असं मत पडलं. तरीही त्या एकट्याचं मोल व्यापाऱ्याच्या अख्ख्या आकड्याच्या कितीतरी पट निघालं. तुम्ही एक येनही घेतला नाहीत.

पण मी सगळ्यात ऋणी आहे ती घरी परतल्यावरच्या पाच मिनिटांची. खिडकीपाशी तुम्ही मुखवटा किंचित वर उचललात, "हे तेरासु", आणि ती हसली. किंचित खाली झुकवलात, "हे कुमोरासु", आणि तिचे डोळे भरून आल्यासारखे झाले. लाकूड तेच, फक्त उजेड सरकला. माझा नवरा आई गेल्यापासून रडला नव्हता. तो त्या दिवशी रडला. विकायचं नाही, हे तिथेच ठरलं.

पावसाळा सरला की कोरड्या हवेत मुखवटा पेटीतून बाहेर काढायचा, असं सांगितलंत ना? त्या दिवशी जेवायलाच या. धरायचा कसा हे मला शिकवलंत, आता ह्यांनाही शिकवा.

तुमचीच