टक्का उतरला, चोरी तशीच : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

विद्यापीठांच्या आसपास टायपिंग-बाइंडिंगच्या दुकानांत हल्ली 'प्लेजरिझम कमी करून मिळेल' अशीही सेवा मिळते. प्लेजरिझम म्हणजे वाङ्मयचौर्य; प्रबंधाचा मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो, त्याचा टक्का सॉफ्टवेअर काढते. प्रबंध पेन ड्राइव्हवर द्यायचा, दोन दिवसांनी हा टक्का उतरवून घ्यायचा. हा धंदा मुलांच्या आळशीपणावर चालत नाही. आम्ही त्यांना टक्का तेवढा शिकवला, त्यावर चालतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आपल्याला ठाऊकच आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. ४० पर्यंत गेले तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, ६० पर्यंत गेले तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, त्यापुढे नोंदणी रद्द. विनियम तसे समंजस आहेत. संदर्भ देऊन घेतलेले अवतरण, संदर्भसूची, कायद्याची कलमे, सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाने जुळणारे सामान्य उल्लेख हे सगळे त्यांनी मोजणीतून वगळले आहे. पण विभागात पोहोचेपर्यंत यातला फक्त '१०' उरतो. मग मुले काय करतात? 'महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७' याचे 'राज्याचा काम-खात्री कायदा' करतात. हे माझ्या टेबलावर आलेले आहे. हसावे की रडावे, कळत नाही.

खरी गोम पुढे आहे. समजा, एका पुस्तकात असे वाक्य आहे : 'दुष्काळी कामांवर स्त्रियांची संख्या मोठी होती, कारण पुरुष शहराकडे गेले होते आणि मजुरी रोख मिळत होती.' विद्यार्थी लिहितो : 'अवर्षणाच्या कामांवर महिलांचे प्रमाण अधिक होते, कारण पुरुषमंडळी नगरांत गेली होती व मोबदला रोखीने मिळत होता.' संदर्भ नाही. सॉफ्टवेअर यावर हिरवा शेरा देते आणि मुलाला प्रामाणिकपणे वाटते की शब्द बदलले म्हणजे वाक्य आपले झाले. पण विधान तेच, कारणे तीच, त्यांचा क्रमही तोच. हे वाङ्मयचौर्यच आहे, टक्का शून्य असला तरी.

आता दुसरा विद्यार्थी पुस्तक मिटून लिहितो : 'कामांवर स्त्रिया अधिक असण्यामागे लेखक दोन कारणे देतो, पुरुषांचे स्थलांतर आणि रोख मजुरी (पृ. ४२). माझ्या तालुक्यातून मात्र ऊसतोडीला नवरा-बायको असा अख्खा कोयताच जातो. तेव्हा पहिले कारण इथे कितपत लागू पडते ते तपासावे लागेल.' इथे 'स्त्रिया', 'स्थलांतर', 'मजुरी' हे मूळचे शब्द राहिले तरी बिघडले नाही. विद्यार्थ्याने वाचले, पचवले, कुणाकडून घेतले ते सांगितले आणि आपली शंकाही जोडली. संशोधन सुरू होते ते या शंकेपासून. दुकानदार काय किंवा एआय काय, दोघे पहिल्या प्रकारचे वाक्य हवे तितके पाडून देतील. ही शंका त्यांना येणार नाही, कारण तालुका विद्यार्थ्याने पाहिलेला आहे.

मराठीतल्या प्रबंधांची कथा तर आणखी वेगळी. 'शोधगंगा' या देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले जुने अनेक मराठी प्रबंध म्हणजे स्कॅन केलेली पाने आहेत, किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले. त्यांच्याशी नवा मजकूर नीट जुळवून पाहणे यंत्राला जमत नाही. इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकातले प्रकरण मराठीत उतरवून आपल्या नावावर खपवले, तर तेही बहुधा सुटते. म्हणजे इमानाने लांब अवतरणे देणारा खुलासे देत बसतो आणि अख्खे प्रकरण भाषांतरून घेणारा बिनबोभाट पदवी घेऊन जातो.

विनियम केंद्राचे, ते आपण बदलू शकत नाही हे मान्य. पण शिकवणे आपल्या हातात आहे. संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आयोगाने सक्तीचा केला तो पीएच.डी.ला. तोवर मुलाच्या हाताला दहा वर्षे उतरवून काढायची सवय लागलेली असते. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या चौथ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला आहे. तेव्हा उतारा वाचून आपल्या भाषेत सांगणे आणि संदर्भ देणे हे पहिल्याच वर्षी, मराठीतूनच, प्रत्यक्ष लिहून घेत शिकवले जावे. 'मूळ मजकूर, चोरी, योग्य मांडणी' असे शेजारी शेजारी दाखवणारी मराठी पुस्तिका, इतिहासापासून रसायनापर्यंतच्या उदाहरणांसह, आपल्या विभागाने काढावी. नमुने द्यायला राज्यात प्राध्यापक पुष्कळ आहेत.

आणखी एक मागणी, हिला निविदाही लागत नाही. मौखिकीच्या वेळी परीक्षकांनी प्रबंधातली कुठलीही दोन पाने उघडावीत, त्यांत उल्लेखलेली मूळ पुस्तके टेबलावर ठेवावीत आणि उमेदवाराला विचारावे : यात लेखकाचे काय आणि तुझे काय? उत्तर अहवालात नोंदवावे, सॉफ्टवेअरच्या टक्क्याच्या आधी. तसे पत्रक आपण कुलगुरूंना पाठवावे, ही विनंती.

कळावे,
आपला
एक शोधमार्गदर्शक