धडधड प्रत्येक वेळी हृदयाचीच नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जन्मजात हृदयदोष असलेल्या लहान मुलांबद्दल आणि त्यांच्या शस्त्रक्रियांबद्दल वर्तमानपत्रांतून अधूनमधून वाचायला मिळतं. ती मुलं मोठी झाल्यावर त्यांचं काय होतं, हे मात्र कुणी फारसं लिहीत नाही. माझी मुलगी त्यांतलीच एक, म्हणून हे पत्र.

ती २७ वर्षांची आहे. जन्मतः हृदयाचा एकच कप्पा नीट काम करणारा. लहानपणी शंट (फुप्फुसांकडे रक्त नेणारी छोटी कृत्रिम नळी) घातला, पुढचं ऑपरेशन जमणार नाही असं सांगितलं गेलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला की आकडा ७८–८० च्या वर जात नाही. नखं कायम जांभळट. तरी ती पदवीधर झाली, नोकरीला लागली. २३व्या वर्षी मात्र काहीतरी वेगळंच सुरू झालं. एकाएकी डोकं ठणकायचं, पंख्याखाली बसूनही अंग घामाने भिजायचं, छातीत धडधड आणि चेहरा पांढराफटक. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरायचं. असाच झटका चालू असताना एकदा मी घरच्या मशीनवर बीपी घेतलं, तर १९४/११२. अर्ध्या तासाने ११६/७४. दवाखान्यात पोचेपर्यंत दाखवायला काही उरलेलंच नसायचं.

"हार्ट पेशंट आहे, एवढं होणारच," हे आम्ही तीन वर्षं ऐकलं. एका ठिकाणी तर ती मनाला फार लावून घेते म्हणून झोपेची गोळी लिहून दिली.

शेवटी एका तरुण निवासी डॉक्टरांनी विचारलं, "डोकेदुखी, घाम, धडधड, तिन्ही एकदमच येतं का?" त्यांनी चोवीस तासांची लघवी जमवायला सांगितली. पाच लिटरचा कॅन, तळाशी ॲसिड. आम्ही चाळीत राहतो, संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. पोरीने कामावर रजा टाकली आणि तो पूर्ण दिवस नि रात्र मोरीतच एका जुन्या भांड्यात लघवी केली. मी हातमोजे घालून ती जपून कॅनमध्ये ओतायचे आणि कॅनवर टॉवेल टाकून ठेवायचे. २७ वर्षांत तिच्या इतक्या तपासण्या झाल्या, पण त्या दिवशी ती जेवढी संकोचली तेवढी कधी संकोचली नव्हती. रिपोर्टमध्ये नॉर्मेटानेफ्रिन (बीपी चढवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिन या संप्रेरकापासून बनणारा पदार्थ, मेटानेफ्रिनपैकी एक) मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. स्कॅनमध्ये पोटातल्या महारोहिणीला लागून लिंबाएवढी गाठ. पॅरागँग्लिओमा.

ही न्यूरोएंडोक्राइन जातीची, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या मज्जासंस्थेशी निगडित पेशींची गाठ. इरफान खान यांनी २०१८ साली आपला आजार जाहीर केला तेव्हा हा शब्द पहिल्यांदा घराघरांत पोचला. या जातीच्या गाठी अनेक प्रकारच्या असतात. मुलीची होती ती रक्तात नॉरॲड्रेनॅलिन सोडणारी, म्हणूनच ते झटके.

मी पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे कारण समजून घेतल्याशिवाय मला राहवलं नाही. शरीराला ऑक्सिजन कमी पडला की पेशींमध्ये एक संदेश सुरू होतो. तो कसा चालतो हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चं नोबेल मिळालं. निळ्या बाळांचं, म्हणजे हृदयदोषामुळे ऑक्सिजन कमी पडून निळसर दिसणाऱ्या मुलांचं, रक्त घट्ट होतं ते याच संदेशामुळे, आणि हे त्यांच्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असतं. पण हाच संदेश वर्षानुवर्षं चालू राहिला तर अशा गाठींना खतपाणी मिळू शकतं, हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा हृदयदोष आणि अशी गाठ दोन्ही असलेल्या पाच रुग्णांपैकी चौघांच्या गाठीत ईपीएएस१ या जनुकात बदल सापडला. हे जनुक त्याच संदेशाच्या साखळीतलं. पेरूच्या उंच पर्वतांत राहणाऱ्यांमध्येही मानेतल्या याच कुळीच्या गाठी जास्त आढळतात, कारण तिथली हवा विरळ. लालबागमध्ये, समुद्राच्या पातळीला राहून माझी लेक जन्मभर डोंगरमाथ्यावरच श्वास घेत होती, हे मला तेव्हा कळलं.

जन्मजात दोष आणि अशी गाठ यांची गाठ फक्त हृदयापुरतीच पडते असंही नाही. घोड्याच्या नालेसारख्या जोडलेल्या किडनीतही कार्सिनॉइड (याच न्यूरोएंडोक्राइन जातीतल्या) गाठी इतरांपेक्षा जास्त दिसतात.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती जिवावरची आहे. धडधड थांबावी म्हणून बीटा-ब्लॉकर गोळी सर्रास दिली जाते. या आजारात आधी अल्फा-ब्लॉकर (आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) सुरू न करता ती एकटीच दिली, तर बीपी उलट उसळू शकतं. मुलीला ती गोळी मिळाली होती. निदान झाल्यावर आधी योग्य औषधं, भरपूर पाणी, मीठ आणि मग काही आठवड्यांनी ऑपरेशन झालं. अशा हृदयाला भूल देणं हे केवढं काम आहे ते त्या दिवशी पाहिलं. आता झटके थांबलेत, पण नवी गाठ येऊ शकते म्हणून दरवर्षी तपासणी आहे.

मुंबईत या आजाराचं ज्ञान नाही असं अजिबात नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळमध्ये आहे, या गाठींवर वापरलं जाणारं किरणोत्सारी ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होतं. सगळं आमच्या घराच्या आसपास. तीन वर्षं आम्हाला कमी पडला तो एक प्रश्न.

तो प्रश्न विचारला जात नाही, कारण विचारणारं माणूसच बदलतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंत. लहान मुलांच्या ओपीडीचं आमचं कार्डही त्याच वयात बंद झालं आणि जाड फाइल हातात घेऊन आम्ही मोठ्यांच्या रांगेत नव्याने उभे राहिलो. पालिका आणि राज्य शासनाच्या रुग्णालयांनी अशा मुलांना मोठ्यांच्या विभागाकडे सोपवताना फाइलच्या पहिल्या पानावर एक सूचना छापावी, एवढीच माझी मागणी आहे. प्रत्येकाची सरसकट तपासणी करा असं मी म्हणत नाही. लक्षणं दिसली तर तरी करा.

मुलीच्या फाइलवर मी ती सूचना हाताने लिहून चिकटवली आहे. कुणाला उतरवून घ्यायची असेल म्हणून इथे देते: "जन्मजात हृदयदोष, ऑक्सिजन कायम कमी. डोकेदुखी, घाम, धडधड एकत्र आल्यास किंवा बीपी अचानक चढल्यास मेटानेफ्रिनची तपासणी करावी. त्याआधी बीटा-ब्लॉकर एकटं देऊ नये."

आपली,
एक आई, लालबाग, मुंबई
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)