स्वसंरक्षणाचे काडतूस पारखून घ्यावे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

९ मिमी पिस्तूल आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा परवाना न मिळणाऱ्या नळीच्या मापात, मोडत असल्याने अनेक परवानाधारक .३२चे छोटे पिस्तूल घेतात. पिस्तूल निवडताना महिनोन्‌महिने चौकशी करणारे हेच लोक काडतुसे मात्र मिळतील ती उचलतात, याची मला मनापासून काळजी वाटते. १८९९ साली आलेल्या या .३२ काडतुसाची ताकद मुळातच बेताची आहे. पोकळ टोकाची गोळी लक्ष्यात शिरताना उमलली, म्हणजे पसरली, तर अनेकदा पुरेशी खोल जात नाही, म्हणून धातूच्या पूर्ण आवरणाची साधी गोळीच मला अधिक भरवशाची वाटते. शिवाय पोकळ टोकाची काडतुसे बहुधा आखूड असल्याने मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकतात, वरच्या काडतुसाच्या बुडाची कड खालच्याच्या कडेमागे अडकते आणि ऐन वेळी पिस्तूल बंद पडते.

मी स्वतः दोन पावसाळे काडतुसे चामड्याच्या पाकिटात ठेवली होती. पितळेवर हिरवट थर चढला आणि सरावात एक काडतूस उडालेच नाही. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच रोखून किमान तीस सेकंद थांबावे, कारण बार उशिराही होऊ शकतो. तेच काडतूस रोज पिस्तुलात भरून पुन्हा काढल्यास गोळी पितळी नळकांड्यात आत दबते आणि बार होताना दाब धोकादायकरीत्या वाढतो, हेही अनेकांना ठाऊक नसते.

शस्त्र नियम, २०१६ नुसार अर्जदाराला सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यात काडतुसांची पारख प्रत्यक्ष हाताळून शिकवावी, ही विनंती.

आपला,
एक परवानाधारक, सातारा