पाराला पारच म्हणावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावातील पिंपळाच्या पाराची नुकतीच दुरुस्ती झाली. कामाच्या फलकावर मात्र ‘झाडाभोवती प्लॅटफॉर्म बांधणे’ असे लिहिले आहे. चार पिढ्यांनी बसून बसून गुळगुळीत केलेल्या त्या दगडांना हे नाव दिलेले पाहून फार वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

जमिनीपासून उचललेल्या सपाट जागेला मराठीने सरसकट एकच नाव कधी दिले नाही. तिथे कोण बसते आणि काय चालते, त्यावरून नाव पडले. झाडाभोवती पार, समाधीला चौथरा, घराला जोते, स्वयंपाकाला ओटा, लग्नाला बोहले, गलबतांना धक्का. पुराण सांगणारा व्यासांच्या जागी बसून बोलतो, म्हणून त्याचे आसन ते व्यासपीठ. आज ते कोणत्याही सभेचे झाले असले, तरी त्या शब्दातला व्यास अजून पुसलेला नाही.

संस्कृत ‘मञ्च’ या शब्दाने तर मराठीत मोठाच संसार मांडला आहे. मूळ अर्थ खाट किंवा उंच आसन. त्यावरून आलेला ‘माचा’ घरात खाट असतो आणि शेतात, कणसांवर येणारी पाखरे हाकण्यासाठी राखणदार ज्यावर चढून बसतो तो चार खांबांवरचा मांडवही माचाच. त्याच कुळातली ‘माची’ म्हणजे बालेकिल्ल्याच्या खालचा डोंगराचा सपाट पट्टा. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत. सभेचा मंच हा त्यांचाच भाऊबंद.

परके शब्द नकोत, असे माझे म्हणणे नाही. ‘कट्टा’ हा कन्नड ‘कट्टे’चा सोयरा आहे, पण गप्पांचा कट्टा आता पुरता आपला झाला आहे. ‘फलाट’ तर इंग्रजी प्लॅटफॉर्मचेच रूप. फ्रेंच भाषेतील ‘सपाट आकार’ या अर्थाच्या शब्दापासून निघून, रेल्वेबरोबर इथे येऊन, लोकांच्या तोंडी घडलेले. आगगाडीसाठी तो शब्द चोखच आहे. तो किंवा त्याचे मूळ रूप पाराला, ओट्याला, धक्क्याला सारखेच चिकटवले जाते, त्याला माझा विरोध आहे.

आपल्या दैनिकातील स्थानिक बातम्यांतही अलीकडे हे वारंवार दिसते. उपसंपादकांनी अशा ठिकाणी त्या जागेचे नेमके नाव वापरावे, ही विनंती. आमच्या फलकावर ‘पाराची दुरुस्ती’ असे लिहावे, असा अर्ज मी ग्रामपंचायतीकडे दिला आहे.

आपला,
एक नियमित वाचक