बाग्रातीचा नवा घुमट

जॉर्जियातील कुटाईसीच्या बाग्राती कॅथेड्रलच्या पुनर्बांधणीचे कौतुक करणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. हे कौतुक पटले नाही.

राजा तिसरा बाग्रात याच्या काळातील या चर्चच्या उत्तर भिंतीवरील शिलालेखात फरसबंदीचे साल ‘क्रोनिकॉन २२३’ असे कोरले आहे. जॉर्जियन कालगणनेचे ५३२ वर्षांचे ते चक्र इ. स. ७८० पासून मोजतात. म्हणजे साल १००३. १६९२ मध्ये ऑटोमन सैन्याने घडवलेल्या स्फोटात घुमट आणि छत कोसळले. घुमट पेलणाऱ्या खांबांची भलीमोठी कोरीव शीर्षे पुढे किती तरी काळ तिथेच जमिनीवर पडून होती.

मूळ घुमटाची उंची किंवा खिडक्यांची घडण दाखवणारा समकालीन आराखडा नाही. तरीही २०१२ पर्यंत नवे खांब, नवा घुमट, काँक्रीट आणि एका बाजूला धातू-काचेचे बांधकाम झाले. चुन्यातील दगडकाम किंचित हलते, ओल बाहेर सोडते; काँक्रीट मात्र ताठ असते. पुढे ते काढायचे ठरले, तर जुने दगडही निखळतात.

१९९४ मध्ये गेलाती मठासह जागतिक वारसा यादीत आलेले बाग्राती २०१० मध्ये धोक्यातील वारशाच्या यादीत गेले आणि २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीतूनच वगळले गेले. गेलाती कायम राहिले. लेखात याचा उल्लेखही नसावा, हे फार खटकले. भिंतींना टेकू, चुन्याने भरलेल्या दरजा आणि पावसाच्या पाण्याचा निचरा एवढ्यावर ते अवशेष जपता आले असते.

– एक वाचक, पुणे