फडके रोडच्या डीटीपी काकांना, आमच्या दऱ्या परत मिळवून दिल्याबद्दल

काका, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. मागे दुकानाचा फोटो टाकते म्हटलं तर "नको गं, मग लोक रात्री अकराला लग्नपत्रिकेची करेक्शनं पाठवतात" म्हणाला होतात. पण डोंबिवलीत फडके रोडच्या मागच्या गल्लीत तो खडखडणारा पंखा आणि टेबलावर प्रुफांचा ढीग असलेलं दुकान ज्यांना माहितीये त्यांना कळेलच कोण ते.

सोसायटीला २५ वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची ठरली, मीटिंगला मी उशिरा पोचले आणि ती माझ्या गळ्यात पडली. ६४ पानं. लेख कुणी वॉट्सॲपवर पाठवले, कुणी मेलवर, एका आजोबांनी तर पेनड्राइव्ह वॉचमनकडे ठेवला. सगळं एका फाइलमध्ये गोळा केलं, दोन आठवडे रोज रात्री शुद्धलेखन बघितलं, पीडीएफ बनवून कमिटीच्या ग्रुपवर टाकली आणि पाच मिनिटांत पहिला मेसेज, "वर्धापनदिनाला आचार्यांनी भात करपवला म्हणजे कुठल्या आचार्यांनी?" मग ट्रेकच्या लेखात सह्याद्रीच्या दर्यात उतरलो असं निघालं, म्हणजे आमचे शेजारी भर डोंगरात समुद्रात उतरले होते. सातार्याला, तर्हा, कुर्हाड, सगळीकडे र डोक्यावर चढून बसलेला.

मी म्हटलं फॉन्ट गंडलाय. पाच फॉन्ट बदलून पाहिले, लॅपटॉप रीस्टार्ट केला, भावाने फोनवरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करायला लावला, तोही केला (त्याचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही हे आता कळतंय). रात्रीचे दीड वाजले. दुसऱ्या दिवशी पीडीएफ घेऊन तुमच्याकडे आले ते रडवेली होऊन आले, ते तुमच्या लक्षात आलं होतं बहुतेक, कारण आधी चहा मागवलात.

तुम्ही फॉन्टला हातच लावला नाहीत. पानं चाळलीत आणि बोट ठेवलंत, पान १२ वर साताऱ्याला बरोबर आहे आणि पान ३० वर सातार्याला. फॉन्ट तोच, साइझ तोच. "फॉन्ट बिघडला असता तर दोन्हीकडे बिघडला असता. दिसतंय काय ते नको सांगूस, आत काय टाईप झालंय ते बघ." हे वाक्य मी आता ऑफिसात सगळ्यांना ऐकवते.

मग तुम्ही ट्रेकच्या लेखाचा मूळ मेसेज मागितलात, त्यातला 'दऱ्या' नोटपॅडमध्ये टाकलात आणि मला मागून एकेक खोडायला सांगितलंत. काना गेला, य गेला, चंद्रकोरीसारखा तो अर्धा र उरला. अजून एकदा बॅकस्पेस दाबलं तर कोर गेली आणि पाय मोडलेला साधा र आला. म्हणजे मधे काहीतरी होतं जे डोळ्यांना दिसत नव्हतं, ते खोडलं गेलं. "झिरो विड्थ जॉइनर," तुम्ही म्हणालात, "रुंदी शून्य, पण काम मोठं." काही कीबोर्ड आपला हा र साधा र, हलंत (पाय मोडायची खूण) आणि पुढे तो अदृश्य जॉइनर असा लिहितात. तो काढला की र आणि य सरळ जुळतात आणि रफार होतो, आचाऱ्याचा आचार्य होतो. वर्डमध्ये अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून ऑल्ट एक्स दाबलं की त्याचा कोड दिसतो हेही तेव्हाच दाखवलंत. साधा र ०९३०. आणि पान १२ वाल्या आजींनी टाईप केलेला तो ०९३१, नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, ज्याला जॉइनरची गरजच नाही, हलंत दिला की आपोआप कोर होते. म्हणून आजींचा सातारा शाबूत राहिला.

आणि मग मला आठवलं. लेख एकत्र करताना मधेमधे कसल्यातरी करड्या खुणा दिसत होत्या, वॉट्सॲपवरून कचरा आलाय समजून मी फाइंड-रिप्लेसने एका झटक्यात सगळ्या उडवल्या होत्या. ४३७ ठिकाणी बदल केला असं स्क्रीनवर आलं तेव्हा केवढा आनंद झाला होता मला! हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात, पण ओरडला नाहीत.

मी लगेच म्हटलं, मग आता उलटं करू, सगळे र्य बदलून ऱ्य. तुम्ही माउसवरचा माझा हात बाजूला केलात. "सूर्याचं काय करशील? कार्यकारिणीचं? आणि खरे आचार्य असतील कुठे तर?" खरंच की. मूळ मेसेज घेऊन पुन्हा फाइल लावता आली असती पण माझं दोन आठवड्यांचं शुद्धलेखन वाया गेलं असतं. मग तुम्ही एकेक र्य आणि र्ह शोधत गेलात, मोठ्याने वाचत गेलात, आणि मी हो किंवा नाही म्हणत गेले. अडीच तास. मधे दोन गिऱ्हाइकं आली त्यांना "जरा थांबा, सूर्य चाललाय" म्हणालात.

बाकीचं तर तुम्ही बोलता बोलता केलंत. वकिलांच्या नावांपुढे ॲड. च्या जागी अ, शेजारी टिंबांचं वर्तुळ आणि त्याच्यावर चंद्र येत होता, कारण मी अ वर वेगळा चंद्र दिला होता. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या त्या जगभरच्या यादीत, २००८ ला आलं, तेव्हापासून वेगळा चंद्र लावायची गरज नाही, आणि ते वर्तुळ म्हणजे संगणक म्हणतोय की ही जोडी मला मान्य नाही. पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडत होती ते पॅराग्राफचा कंपोझर (अक्षरं जुळवून ओळी लावणारं सेटिंग) वर्ल्ड-रेडी केल्यावर लगेच सरळ झालं. वेलांटी साठवताना अक्षरानंतरच असते, तिला उचलून डावीकडे नेणारा कुणीतरी लागतो, हे मला चाळीस वर्षं मराठी वाचून माहीत नव्हतं.

पहिल्या स्मरणिकेतला अध्यक्षांचा लेख सीडीतून नुसता डॉलर, कंस आणि टक्के असा उघडत होता, त्याला तुम्ही "हे मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठीचा मुखवटा आहे" म्हणालात आणि जुना फॉन्ट ओळखून युनिकोडमध्ये आणून दिलात. श्रीलिपी, कृतिदेव, प्रत्येकाचा मुखवटा वेगळा, म्हणून आधी फॉन्ट ओळखायचा आणि मगच कन्व्हर्टर, हे आता पाठ झालंय.

फक्त ल आणि श वर आपलं जमलं नाही. मला हिंदी वळणाचाही चालला असता, तुम्ही मात्र ऐकायलाच तयार नाही. २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श दिलाय, मग मराठी स्मरणिकेत दुसरा का, असं म्हणून मजकुराची भाषा हिंदीवरून मराठी केलीत आणि त्याच फॉन्टमध्ये दोन्ही अक्षरं बदलली. ते तेवढं बघून मी गप्प बसले. छान दिसतंय, मान्य.

एवढं सगळं करून तुम्ही ८० रुपये घेतलेत, तेही प्रिंटआउटचे. वर उशीर झाला म्हणून रिक्षात बसवून दिलंत. घरी जाऊन आधी कीबोर्ड बदलला, भारतीय भाषांचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकतेय, शिफ्ट जे दाबलं की ऱ येतो. बोटं अजून चाचपडतात.

अंक छापून आलाय. पान ४१ वर एक बिर्हाड राहिलंच, तुमच्या आधी माझ्याच नजरेला पडलं ह्याचा मला जरा अभिमान आहे. तुमच्या अंकात ते पेनाने दुरुस्त करून ठेवलंय. शनिवारी घेऊन येते, दोनच्या आत, दुकान बंद करू नका.

तुमची,
४३७ वाली