ॲडमिशनचे आकडे छापता, पास-आऊटचेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचे कॅप राऊंड सुरू झाले की तुमच्या पेपरात रोज बातम्या असतात, किती सीट भरल्या, कटऑफ किती लागला, कुठली ब्रांच रिकामी राहिली. पण त्याच मुलांपैकी चार वर्षांनी डिग्री घेऊन किती बाहेर पडली हे काही कुठे वाचायला मिळत नाही. मी नाशिक जिल्ह्यात इंजिनिअरिंगला मॅथ्स शिकवून रिटायर झाले, म्हणजे पहिल्या वर्षाचे एम-वन, एम-टू हे पेपर, आणि सुरगाणा, पेठ, कळवणकडची आदिवासी मुलं पहिल्याच वर्षात कशी गळतात ते फार जवळून बघितलंय, म्हणून लिहितेय.

ही मुलं ढ नसतात हो. दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठीतून शिकलेली असतात, घरात कॉलेजला गेलेलं पहिलंच माणूस. स्कॉलरशिप महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या पोर्टलवर अडकते, मेसचं बिल थकतं, घरचे द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरलेले, मग मुलगा भात कापायला म्हणून गावी जातो आणि पंधरा दिवसांनी परत येतो तोवर पार्शल डिफरन्शिएशनसारखा अख्खा धडा होऊन गेलेला असतो. एका विषयात केटी म्हणजे नापास, मग तीन, मग वायडी म्हणजे वर्षच वाया, आणि एक दिवस हॉस्टेलची रूम रिकामी दिसते. कोणी फोनसुद्धा करत नाही.

यात माझीही चूक आहे. बरीच वर्षं मी अशा मुलांना वेगळं बसवून रेमेडियल म्हणजे जादा वर्ग घेत होते, सोपी सोपी गणितं द्यायचे. त्या वर्गात बसलं की बाकीची पोरं कोट्यातला म्हणून बोट दाखवायची, मग मुलं यायचीच बंद व्हायची. नंतर युरी ट्रिसमन या अमेरिकेतल्या गणिताच्या प्राध्यापकांच्या कामाबद्दल वाचलं. 1970 च्या दशकात बर्कले विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये फार नापास व्हायची, प्राध्यापक म्हणायचे यांना आवड नाही, घरचा सपोर्ट नाही. ट्रिसमननी मुलांसोबत राहून बघितलं तर मुलं मेहनत भरपूर करत होती पण एकएकटी, आणि चिनी वंशाची मुलं एकत्र बसून एकमेकांची गणितं तपासत होती. मग त्यांनी ग्रुप केले आणि गणितं सोपी नाही तर उलट अवघड दिली, आणि रिझल्ट पार बदलला. मी शेवटची काही वर्षं शनिवारी तसंच केलं, शहरातली आणि पाड्यावरची मुलं मिसळून चार-चार जणांचे ग्रुप, फळ्यावर मी नाही तर मुलं. पेठची एक मुलगी वर्षभर एक शब्द बोलली नव्हती ती तिथे शहरातल्या मुलाला म्हणाली, तुझी इंटिग्रेशनची मर्यादा चुकलीये, शून्यापासून धर. ते मी विसरत नाही.

पैशाचंही तसंच. अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात 2003 मध्ये सहा वर्षांत डिग्री पूर्ण करणारे जेमतेम 32 टक्के होते, नंतर ते 50 च्या वर गेले आणि कृष्णवर्णीय मुलं गोऱ्या मुलांच्या बरोबरीला आली. तिथे मुलगा मागे पडायला लागला की लगेच सल्लागार गाठतो, आणि थोड्याशा फीसाठी नाव कमी होणार असेल तर विद्यापीठ स्वतःहून तेवढे पैसे भरतं, अर्ज करायला लागत नाही. आणि मी जिथे होते तिथे स्कॉलरशिपचा हप्ता आला नाही म्हणून हॉल तिकीट अडवलेलं मी बघितलंय, परीक्षेच्या आदल्या दिवशी!

2023 मध्ये संसदेत सरकारनेच सांगितलं की पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी, आयआयएममधून 13 हजारांहून जास्त एससी, एसटी, ओबीसी मुलं मध्येच बाहेर पडली. मग आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांचं काय? कोर्सना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या फायलीसाठी बॅकलॉगशिवाय, म्हणजे एकही विषय मागे न राहता किती पास झाले याचा आकडा कॉलेजं काढतातच, तोच एससी, एसटी, ओबीसी अशा कॅटेगरीप्रमाणे वेगळा करायला एका क्लार्कला एक दिवस पुरेल. तुमच्या बातमीदाराने प्रत्येक कॉलेजला तो मागावा आणि कटऑफच्या शेजारी छापावा एवढीच विनंती आहे. सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने येणारे आईबाप आज बिल्डिंग किती मोठी एवढंच बघून फॉर्मवर सही करतात.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, नाशिक